५जीचं चिन्ह एक, वेग दहा तऱ्हेचे : रोजच्या जागी चाचणी कशी घ्यावी?

पहिला_मजला (प्रश्न)

फोन ५जी, पॅक ५जी, वर चिन्हही ५जीचं. पण चिन्ह आणि वेग यांचा मेळ बसत नाही. मेट्रो स्टेशनच्या बाहेर स्पीडटेस्ट ५०० एमबीपीएसच्या वर जाते, घरात त्याच चिन्हाखाली कधी ४० तर कधी ९०. व्हिडिओ कॉल घरात ४जीवर नीट चालतो, ५जीवर मात्र समोरच्याला माझा आवाज तुटक जातो. बसमध्ये नकाशा मध्येच थिजतो, दांड्या मात्र पूर्ण.

"आमच्याकडे तर एवढा येतो" असे स्क्रीनशॉट नकोत. हवं आहे ते असं : घर, ऑफिस, प्रवास, बाजार अशा रोजच्या जागी चाचणी कशी घ्यावी, म्हणजे आकड्यांवर भरवसा ठेवता येईल? डाउनलोडच्या आकड्याखेरीज काय बघायचं? कुठे ५जी चालू ठेवायचं आणि कुठे ४जीवर टाकायचं, हे कशावरून ठरवायचं? फोन अँड्रॉइड, सिम दोन, डेटा पहिल्या सिमवर. आयफोनवाल्यांनीही लिहा, घरात एक आहे.


बिनतारी

चाचणीच्या आधी चिन्हाचं बघू, अर्धा घोळ तिथेच आहे.

सध्याचं ५जी दोन तऱ्हांनी चालतं. एनएसए, म्हणजे नॉन-स्टँडअलोन : फोन आधी ४जीला जोडलेला असतो आणि त्याच्या आधाराने ५जीची जादा वाहिनी जोडली जाते. एसए, म्हणजे स्टँडअलोन : ४जीचा टेकू नाही, मागचं कोअर नेटवर्कही ५जीचंच. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या रिलीज १५ या संचात दोन्ही आहेत, एनएसएचा मसुदा डिसेंबर २०१७ मध्ये पक्का झाला आणि एसएचा जून २०१८ मध्ये.

एनएसएमध्ये ५जीची वाहिनी साधारणपणे डेटा वाहायला लागल्यावरच जोडतात. फोन खिशात पडून असताना ती नसते. तरी चिन्ह ५जीचं असतं, कारण ४जीचा टॉवर "माझ्याकडे ५जी जोडायची सोय आहे" एवढं सांगत असतो आणि बरेच फोन तेवढ्यावरच चिन्ह लावून मोकळे होतात. वरच्या दांड्याही एनएसएत बहुधा ४जीच्या सिग्नलच्या असतात. शिवाय किती सिग्नलला किती दांड्या, याला कसलंही सर्वमान्य माप नाही. प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं.

म्हणून चिन्ह आणि दांड्या दोन्ही बाजूला ठेवा. डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून "फोन इन्फॉर्मेशन" उघडा. दोन सिम असतील तर वरच्या यादीतून डेटाचं सिम निवडा. खाली "एनआर स्टेट" अशी ओळ असेल. एनआर म्हणजे ५जीचा रेडिओ. तिथे "नॉट रिस्ट्रिक्टेड" असेल तर सोय आहे, पण या क्षणी तुम्ही ४जीवरच आहात. "कनेक्टेड" आलं की ५जीची वाहिनी खरोखर जोडलेली आहे. "रिस्ट्रिक्टेड" म्हणजे टॉवरवर ५जी आहे, पण तुम्हाला दिलेलं नाही. तिथे पॅक, सिम किंवा फोनच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न असतो. "नन" म्हणजे त्या टॉवरवर काहीच नाही. हा पडदा उघडा ठेवून, एखादा व्हिडिओ लावून परत या. "नॉट रिस्ट्रिक्टेड"चं "कनेक्टेड" झालेलं दिसेल. एसएवर असाल तर या ओळीकडे बघायची गरज नाही, डेटा नेटवर्कच्या ओळीत थेट "एनआर" येतं.

काही कंपन्यांनी हा पडदा झाकून ठेवलाय. सॅमसंगवर *#००११# टाकून बघा, तिथे बँडसकट सगळं दिसतं. बाकीच्यांनी नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर घ्या. या ॲपना लोकेशनची परवानगी द्यावी लागते, कारण टॉवरची माहिती अँड्रॉइड त्याशिवाय देत नाही. आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून फील्ड टेस्ट उघडते. आतली मांडणी आयओएसच्या आवृत्तीप्रमाणे बदलते, थोडं शोधावं लागतं.

आता तीन गोष्टी टिपायच्या.

बँड. फोन लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर जोडलाय ते. याच्यावरच सगळा खेळ आहे. एन७८ म्हणजे ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा पट्टा. इथे एका कंपनीकडे एकसंध ८०-१०० मेगाहर्ट्झ असू शकतात आणि चांगल्या सिग्नलला ५००-१००० एमबीपीएस येतात ते इथेच. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास. भिंतीतून आत येतो, लांब जातो, पण रुंदी बहुतेक ठिकाणी १० मेगाहर्ट्झ. दहा मेगाहर्ट्झमध्ये दोन अँटेनांवर कागदावरच शंभर-एकशेदहा एमबीपीएस बसतात, मग हातात ४०-६० आले तर त्यात नवल नाही. चिन्ह मात्र दोघांचं एकच.

आरएसआरपी. सिग्नल किती जोरात येतोय ते. उणे ८० डीबीएम झकास, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या खाली गेलं की तुम्ही काठावर. दर १० ला ताकद दहापट घटते, म्हणजे उणे ८० आणि उणे ११० मध्ये हजारपटीचा फरक आहे.

एसआयएनआर. सिग्नल किती स्वच्छ आहे ते. २० च्या वर उत्तम, १० पर्यंत ठीक, शून्याजवळ वाईट. वेगाचा संबंध जोरापेक्षा याच्याशी जास्त. उंच मजल्यावर किंवा गच्चीत नेमकं हेच होतं : समोर दहा टॉवर दिसतात, सगळ्यांचा आवाज एकदम येतो, दांड्या पूर्ण आणि एसआयएनआर ३.

एनएसएवर ४जी आणि ५जी या दोघांचे आकडे वेगवेगळे येतात. एसएस अक्षरं असलेले, म्हणजे एसएस-आरएसआरपी आणि एसएस-एसआयएनआर, ते ५जीचे. तेच टिपा.


चार_दांड्या

+१. फक्त "५जी म्हणजे वेगवान" हे गृहीतच मुळात काढून टाका. ४जीमध्ये २०-२० मेगाहर्ट्झचे तीन पट्टे एकत्र जोडून मिळत असतील तर कमाल साडेपाचशेच्या वर जाते. अशा ठिकाणी दहा मेगाहर्ट्झचं एन२८ मागेच पडणार. काही ठिकाणी तर एकच पट्टा ४जी आणि ५जीत वाटून वापरतात, त्याला डीएसएस म्हणतात. वाटणी करण्यातच थोडी क्षमता खर्च होते, म्हणजे जुन्याच जागेवर नवी पाटी. वेग हवा असेल तर नवा रुंद पट्टा पाहिजे, नुसतं ५जी असून भागत नाही.


मोजपट्टी

चाचणी कशी घ्यायची त्याबद्दल लिहितो.

आधी फोनची साफसफाई. वायफाय बंद. व्हीपीएन बंद. डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद, कारण बॅटरी सेव्हर बऱ्याच फोनवर ५जीच बंद करून टाकतो. मागे ॲपची अपडेट किंवा फोटोंचा बॅकअप चालू नाही ना, बघून घ्या. रोजचा डेटा-कोटा शिल्लक आहे ना तेही. कोटा संपल्यावर वेग आवळतात आणि आपण टॉवरला शिव्या घालत बसतो. कोटा संपलेला किंवा पॅकवर वेगाची कमाल घातलेली, हे ओळखायची खूण सोपी : आलेख वरखाली न होता एकाच आकड्यावर सपाट चालतो, जागा बदलली तरी तोच आकडा. रेडिओची अडचण असेल तर आलेख दातेरी येतो.

मग सर्व्हर. ऊकलाची स्पीडटेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बरेचदा तुमच्याच मोबाइल कंपनीचा असतो. तो आकडा कंपनीच्या अंगणापुरता. सर्व्हर बदलून त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीचा घ्या आणि मग सगळीकडे तोच ठेवा. दर वेळी वेगळा सर्व्हर घेतला तर तुलना वाया. तिथेच "मल्टी" आणि "सिंगल" असा पर्याय असतो. मल्टी म्हणजे एकाच वेळी अनेक जोडण्या, आकडा फुगलेला. एखादी मोठी फाइल ब्राउझरवरून उतरवताना बहुधा एकच जोडणी असते, म्हणून एक चाचणी सिंगलवरही घ्या. दोन्हींत मोठी तफावत असेल तर मधल्या वाटेत डेटाची पाकिटं (डेटा ज्या तुकड्यांत जातो ते) हरवत असतात किंवा विलंब जास्त असतो.

तिसरं, डेटा किती खाते ते. ४०० एमबीपीएसला दहा सेकंद म्हणजे ४००० मेगाबिट, भागिले ८, म्हणजे ५०० एमबी. नुसतं डाउनलोड. वेग जितका जास्त तितकी चाचणी महाग. मोजका पॅक असेल तर दिवसभर टेस्ट मारत बसू नका.

५जी आणि ४जीची तुलना करताना दोन्हींवर पाच-पाच चाचण्या घ्या, पण आधी पाचही ५जीवर आणि मग पाचही ४जीवर अशा घेऊ नका. तेवढ्या वेळात टॉवरवरचा ताण बदलतो. आलटून पालटून घ्या : ५जी, ४जी, ५जी, ४जी. बदलल्यावर अर्धा मिनिट थांबा, फोनला जोडणी नव्याने लावू द्या. सरासरी काढू नका, आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. एखादी चाचणी ९०० दाखवते आणि सरासरीचं वाटोळं करते.

एनएसएवर पहिली चाचणी सोडून द्या. ५जीची वाहिनी जोडली जाईपर्यंत सुरुवातीची एक-दोन सेकंदं ४जीवरच जातात.

वेळ महत्त्वाची. पहाटे कुठलाही टॉवर रिकामा असतो. त्याच जागेचा सकाळी कामावर निघायच्या वेळचा आणि रात्री नऊ-दहाचा आकडा घ्या. रात्री आरएसआरपी सकाळइतकाच आहे आणि वेग तिसऱ्या हिश्श्यावर आलाय, तर सिग्नल ठीक आहे, टॉवर भरलाय. अशा वेळी खिडकीशी जाऊन उभं राहिल्याने फारसं काही साधत नाही.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते : ताणाखालचा पिंग. पिंग म्हणजे पाकीट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. स्पीडटेस्टमध्ये पिंगचे तीन आकडे असतात : रिकामा, डाउनलोड चालू असतानाचा, अपलोड चालू असतानाचा. रिकामा २५ मिलिसेकंद आणि अपलोडमधला ४०० असेल, तर मागे फोटो चढत असताना तुमचा कॉल अडखळणारच. डाउनलोड ५०० असो की ५०, फरक पडत नाही. क्लाउडफ्लेअरची ब्राउझरमधली चाचणीही हे आकडे देते. ५जीच्या जाहिरातीतला एक मिलिसेकंद विसरा. तो खास वापरासाठी ठरवलेला, फक्त फोन आणि टॉवर यांच्यामधल्या अंतराचा आकडा आहे. तुमचं पाकीट पुढे सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतं. १५ ते ४० आलं तर चांगलं समजा.

आणि लागतं किती, हे डोक्यात ठेवा. फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात, ४केला १५ ते २५, व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना २-३. पन्नासच्या पुढे फोनच्या पडद्यावर फरक कळतो तो फक्त मोठी फाइल उतरवताना, आणि तिथेही समोरचा सर्व्हर किती देतो यावर सगळं. ॲप स्टोअरवरून गेम उतरवताना बराच वेळ तर फोन ती उलगडून बसवण्यातच घालवतो.


पहिला_मजला

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे घरातल्या टेबलापाशी बघितलं.

आधी "नॉट रिस्ट्रिक्टेड", टेस्ट सुरू केली की "कनेक्टेड". बँड एन७८. एसएस-आरएसआरपी उणे ११३, एसएस-एसआयएनआर २. मधले आकडे : ५जीवर डाउनलोड ८८, अपलोड १.६, अपलोडमधला पिंग ७०० च्या घरात. ४जीवर डाउनलोड ४६, अपलोड ११, पिंग १२०.

डाउनलोड ५जीवर दुप्पट, मग अपलोडची अशी वाट का?


बिनतारी

कॉल तुटायचं कारण या आकड्यांतच आहे. तुमचा आवाज जातो अपलोडवरून, आणि तिथे १.६ आहे.

टॉवर फोनपेक्षा शेकडो पट ताकदीने बोलतो. फोनची कमाल साधारण २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट. काही फोन काही बँडवर २६ पर्यंत जातात, म्हणजे ४००. टॉवरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं टॉवरपर्यंत पोचता पोचता दम निघतो. त्यात ३५०० मेगाहर्ट्झ भिंतीत ७०० किंवा १८०० पेक्षा जास्त अडतो.

दुसरं, एन७८ वर येणं-जाणं एकाच पट्ट्यावरून पाळीपाळीने चालतं. एकच दार, आत येणाऱ्यांना तीन-चार पाळ्या, बाहेर जाणाऱ्यांना एक. डाउनलोडला वेळेचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा दिलेला असतो, उरलेल्यात अपलोड. ४जीच्या बऱ्याच बँडवर दोन्ही दिशांना स्वतंत्र पट्टे असतात, तिथे फोनला अखंड बोलता येतं.

एनएसएमध्ये अपलोड ४जीवरून पाठवायचं की ५जीवरून, हे नेटवर्क ठरवतं. फोनच्या सेटिंगमध्ये त्याला चावी नाही. तुमच्या घरी काठावरच्या ५जीवरून पाठवलं जातंय असं आकडे सांगतात.

उपाय साधा. कॉलच्या वेळी सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, सिम, प्रिफर्ड नेटवर्क टाइप, तिथे ४जी किंवा एलटीई (४जीचंच दुसरं नाव). किंवा फोन टेबलावरून उचला आणि खिडकीशी न्या. आणि हो, खिडकीची काच धातूचा पातळ थर दिलेली असेल, ऊन अडवणारी, तर ती बंद असताना २०-३० डीबी खाते. काच सरकवून आरएसआरपी बघा. उणे ११३ चं उणे ९० झालं तर गुन्हेगार काच.


कोरडी_विहीर

*#*#४६३६#*#* च्या त्याच पडद्यावर "एनआर ओन्ली" असा पर्याय दिसतो आणि लोक "५जी पक्कं करा" म्हणून तोच लावून ठेवतात. करू नका.

एनएसए नेटवर्कवर "एनआर ओन्ली" लावलं की रेंजच जाते, कारण ४जीचा आधार तुम्हीच काढून घेतलात. एसए नेटवर्कवर डेटा चालेल, पण आवाजी कॉलसाठी ५जीवर व्हीओएनआर नावाची सोय लागते. ती फोनमध्ये किंवा नेटवर्कवर नसेल तर कॉल आला की नेटवर्क फोनला ४जीवर उतरवतं. "ओन्ली"मुळे तो उतरू शकत नाही. कॉल येत नाही, जात नाही, आणीबाणीच्या नंबरचाही भरवसा नाही. तपासापुरतं एसए आहे का बघायला लावा, बदलण्याआधी मूळ पर्यायाचा फोटो काढून ठेवा आणि लगेच परत फिरवा. काही फोनवर रीस्टार्ट केलं तरी तो पर्याय तसाच राहतो.


पहिला_मजला

काच सरकवली तर उणे ११३ वरून उणे ९४. अपलोड १४. म्हणजे काचच. बसचं काय मग? दांड्या पूर्ण आणि नकाशा थिजतो.


मोजपट्टी

प्रवासात स्पीडटेस्ट घेऊ नका, त्यातून काही कळत नाही. दहा सेकंदांत बस एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते, आकडा कुठल्या टॉवरचा ते सांगता येत नाही. त्यापेक्षा पिंग दाखवणारं कुठलंही साधं ॲप दर सेकंदाला एक पिंग मारत चालू ठेवा आणि पूर्ण वाटेवर किती पाकिटं हरवली, सर्वांत लांब खंड किती सेकंदांचा, एवढंच बघा. सोबत नेटमॉन्स्टरची नोंद चालू ठेवली तर खंड नेमका कुठे पडला तेही सापडतं.

एनएसएत हद्द बदलताना आधी ४जीचा आधार बदलतो, त्यात ५जीची वाहिनी सुटू शकते, मग फोन पुन्हा मोजमाप करतो आणि ती पुन्हा जोडली जाते. चिन्ह ५जी, ४जी, ५जी असं लुकलुकतं ते यामुळे. दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असले की हे सतत चालतं. नकाशाला आणि गाण्याला दोन-चार एमबीपीएसही पुष्कळ, त्यांना खंड नको असतो. वाटेवर असे खंड पडत असतील तर बसमध्ये ४जी ठेवा. आणि नकाशाचा शहराचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा, मग प्रश्नच मिटतो.

भुयारी मेट्रोत ५जी आहे की नाही हे बोगद्यात काय बसवलंय त्यावर. तिथे छिद्रं ठेवलेली केबल किंवा छोटे अँटेना लावतात. जुनी केबल ३५०० मेगाहर्ट्झसाठी केलेली नसेल तर फलाटावर ५जी आणि बोगद्यात ४जी, असं होणार. लिफ्ट तर धातूची पेटीच आहे, तिथे आत वेगळा अँटेना नसेल तर जाऊ द्या.


गारवा

बॅटरी आणि तापण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

एनएसएमध्ये फोन दोन रेडिओ एकदम चालवतो. सिग्नल काठावरचा असला की कमाल ताकदीने बोलतो. दोन्ही एकत्र आले की बॅटरी उतरते आणि फोन तापतो. चांगल्या सिग्नलला उलट होतं : फाइल पटकन संपते, रेडिओ लवकर झोपतो. "५जी बॅटरी खातं" हे सरसकट खरं नाही, काठावरचं ५जी खातं.

तापल्यावर फोन मोडेमची कामं एकेक कमी करत जातो. आधी जोडलेले पट्टे किंवा अँटेना कमी, मग ५जी बंद. उन्हात गाडीच्या काचेशी फोन, नकाशा चालू, पडदा पूर्ण उजळ, वर चार्जिंग : इथे ५जी टिकणं कठीण. म्हणून एका जागी लागोपाठ चाचण्या घेतल्या की शेवटचे आकडे पडलेले दिसतात. फोन हाताला गरम लागला तर ती नोंद टाकून द्या. जाड कव्हर काढा. चुंबकी होल्डरसाठी मागे धातूची पट्टी चिकटवली असेल तर तीही काढून एकदा मोजा. फोन आडवा दोन्ही हातांत धरला की तळवे अँटेनांवर येतात, टेबलावर ठेवून घेतलेला आकडा वेगळा येतो. चाचणीत धरायची पद्धत एकच ठेवा.

आयफोनवर सेल्युलर किंवा मोबाइल डेटाच्या आत "व्हॉइस अँड डेटा" आहे. "५जी ऑटो" ठेवलं की जिथे ५जीने फरक पडत नाही तिथे फोन आपण होऊन एलटीईवर जातो. रोजच्याला हेच ठेवा. चाचणीपुरतं "५जी ऑन" करा, नाहीतर काय मोजताय तेच कळणार नाही. डेटा मोडमध्ये "अलाऊ मोअर डेटा ऑन ५जी" असेल तर फेसटाइमचा दर्जा वाढतो आणि आयओएसची अपडेटसुद्धा मोबाइल डेटावरून उतरू शकते. मोजका पॅक असेल तर "स्टँडर्ड" करा.


चार_दांड्या

दोन सिमचं राहिलं. बऱ्याच फोनवर ५जी फक्त डेटाच्या सिमला मिळतं, दुसरं ४जीवर उभं असतं. आयफोन १२ ला दोन सिम चालू असताना सुरुवातीला ५जी मिळतच नव्हतं, ते २०२१ मध्ये आयओएस १४.५ ने आलं. आणि दुसऱ्या सिमवर कॉल आला की बऱ्याच फोनवर पहिल्याचा डेटा थांबतो. चाचणी चालू असताना कॉल आला तर ती धरू नका. शंका असेल तर दुसरं सिम सेटिंगमधून बंद करून एकदा मोजा.

फोन घ्यायचा असेल तर "५जी" एवढं वाचून घेऊ नका. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे मॉडेल क्रमांक असतात आणि बँडही वेगळे. आपली कंपनी कुठल्या बँडवर चालते ते बघा, मग पेटीवरच्या मॉडेल क्रमांकाचे बँड ताडून घ्या. एन७८ असून एन२८ नसेल तर घराबाहेर मजा आणि घरात ४जी.


पहिला_मजला

शेवटचा प्रश्न. फोनवर खिडकीशी ३०० येतात, हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर ३५. फोन लॅपटॉपच्या शेजारीच.


गारवा

हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर असणार. शेजारपाजारच्या राउटरांच्या गर्दीत तो पट्टा ३०-६० वरच अडकतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करा. अँड्रॉइडवर काही ठिकाणी ते "एक्सटेंड कम्पॅटिबिलिटी" या नावाखाली असतं, ते बंद करायचं. आयफोनवर "मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी", तेही बंद. लॅपटॉप फार जुना असेल आणि त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नसेल तर यूएसबी केबल लावून टेदरिंग करा. यूएसबी २ ची केबल नावाला ४८० एमबीपीएसची, हातात ३००-३५०, तुमच्या खिडकीला पुरेशी. केबलवर फोन चार्जही होत राहतो, त्यामुळे तापेल. कव्हर काढून ठेवा आणि उन्हाच्या बाजूला नको.